ऑस्टिनवाल्यांचा ससा

'ऑस्टिन', रो हाऊस, सेक्टर नऊ, वाशी
६ जानेवारी २०२५

श्रीमती ज्ञानेश्वरी यांस,

विषय : आजोबा कै. हौसेराव यांच्या ऑस्टिन मोटारीचे मूळ इंजिन लंपास केल्याबाबत.

महोदया,

आपण माझा फोन नंबर ब्लॉक केला आहे. शिवाय फोनवर बोललेलं पुराव्याला कोणी धरत नाही. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने धाडत आहे.

आपल्या आजोबांची १९३६ची बेबी ऑस्टिन आमच्या अंगणातल्या शेडमध्ये आहे, हे आपणास ठाऊक आहेच. अख्खं कराड आम्हाला 'ऑस्टिनवाले' म्हणून ओळखतं. माझ्या घराचं नावही तेच आहे. निवृत्तीनंतर मी ती गाडी दुरुस्त करून येत्या १६ फेब्रुवारीच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत उतरवायचं ठरवलं. गेल्या आठवड्यात रॅलीचे जाणकार गाडी तपासायला आले. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन पाने लावून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, हे इंजिन ऑस्टिनचं नाही. कुणीतरी बदललंय." गाडीला प्रवेश नाकारण्यात आला. शेजाऱ्यांसमोर.

या गाडीचं बॉनेट आयुष्यभर एकाच माणसाने उघडलं. ते म्हणजे आपले वडील सयाजीराव. आजोबांनी फिटर जावई केला तो याच गाडीपायी. जावयाने काय केलं ते आता दिसलंच. मूळ इंजिन विकून त्याजागी भंगारातलं बसवलं, याला मराठीत चोरी म्हणतात.

पंधरा दिवसांत लेखी कबुली यावी. अन्यथा पोलिसात तक्रार करावी लागेल. या पत्राची प्रत कराडच्या भावकीतल्या अकराही घरांना पाठवली आहे.

आपला,
जयप्रकाश पंढरी
(निवृत्त कक्ष अधिकारी, सीबीडी बेलापूर)


दिघा
१२ जानेवारी २०२५

जयप्रकाशदादा,

मी महोदया नाही, तुझी आतेबहीण आहे. लहानपणी माझ्या ताटातली पुरणपोळी ओढून खायचास तेव्हा 'आपण' म्हणत नव्हतास.

पत्र मिळालं. वाशीहून दिघ्याला यायला अर्धा तास लागतो, तुझ्या स्पीड पोस्टाला चार दिवस लागले. तेवढ्यात कराडहून तीन फोन येऊन गेले. एका काकूंनी विचारलं, "इंजिन कितीला विकलं गं?" आबा समोरच बसले होते. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

आबा या वस्तीत 'सयाजी फिटर' म्हणून ओळखले जातात. इथल्या लोकांनी घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवून गावाला जायचं, अशी चाळीस वर्षांची रीत आहे. तुझ्याकडे निवृत्तीची शाल आणि नारळ असेल. त्यांच्याकडे एवढंच आहे, आणि तेच तू अकरा पाकिटांत घालून वाटलंस.

आई गेली तेव्हा दहा वर्षांपूर्वी या अकरा घरांतून एक माणूस आला नाही. तूही आला नाहीस, आणि वाशी काही कराडला नाही. मामाने, म्हणजे तुझ्या वडिलांनी, १९८४ साली आमच्या घरी येणं सोडलं. कारण काय, तर आजोबा गेल्यावर त्यांना गाडी पुण्याच्या गॅरेजला द्यायची होती आणि आबांनी बॉनेट उघडू दिलं नाही. "जावई गाडीवर डोळा ठेवून आहे" म्हणाले, गाडी टेम्पोत घालून घेऊन गेले आणि पुण्यालाही न देता चाळीस वर्षं बंद ठेवली. आई शेवटपर्यंत भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार ठेवायची. त्या निरांजनातलं तूप मी दरवर्षी संध्याकाळी काढून ठेवायचे.

तुझं पत्र मी आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. चोरीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मग एकच विचारलं, "त्यांनी कुठला पाना लावला?" मला कळलं नाही. तुला कळलं तर कळव.

कबुली येणार नाही. पोलिसात जा.

ज्ञानेश्वरी


'ऑस्टिन', वाशी
२० जानेवारी २०२५

संदर्भ : आपले दि. १२ जानेवारीचे उद्धट पत्र.

महोदया,

पुरणपोळीचा या विषयाशी संबंध नाही.

आपल्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नातच कबुली आहे. चोराच्या मनात चांदणं. जाणकारांचा लेखी अहवाल सोबत जोडला आहे, तो त्यांना वाचून दाखवावा. इंग्रजी गाडीचे नट इंचाचे असतात. इंची पाना एकाही नटाला बसला नाही, सगळे मिलिमीटरचे निघाले. सिलिंडरचा व्यास ऑस्टिनपेक्षा एक मिलिमीटर कमी भरला. आणि इंजिनाच्या खालच्या अंगाला चक्क जपानी अक्षरं आहेत. म्हणजे विलायती इंजिन विकून कुठलं तरी जपानी डबडं बसवलं.

एवढ्यावर भागलं नाही. रेडिएटरच्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन भोकं आहेत, शिसं ओतून बुजवलेली. आजोबांच्या गाडीला भोकं पाडायचा अधिकार जावयाला कोणी दिला? तिथे काय लावलं होतं आणि ते कुठे गेलं?

आजोबा गुळाचे नावाजलेले अडते होते. बेचाळीस साली ते मुंबईची वखार बंद करून याच गाडीतून कराडला आले. "इंग्रज गेला, पण त्याची गाडी माझ्या दारात राहिली," असं ते सांगायचे. त्या माणसाच्या गाडीची ही अवस्था पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला त्याचं काय.

मुदत संपत आली आहे.

जयप्रकाश


दिघा
३ फेब्रुवारी २०२५

जयप्रकाशदादा,

काल रविवारी मी तुझ्या घरी येऊन गेले. तू कराडला लग्नाला गेला होतास. मीनावहिनींनी शेड उघडून दिली, चहा दिला, वर म्हणाल्या, "सावकाश बघा, ह्यांना सांगत नाही." आता मीच सांगतेय. वहिनींवर राग काढू नकोस, त्यांनी तुझ्यापेक्षा माणुसकी दाखवली.

मी रबाळ्याच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासते. एकवीस वर्षं दिवसभर मापंच घेतेय. व्हर्निअर आणि आबांची पान्यांची पेटी सोबत नेली होती. इंजिनाचे नट मिलिमीटरचे आहेत, कबूल. मग मी खाली वाकले. चासीचे नटही मिलिमीटरचे. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्टही. चाकांचेही. दरवाजाच्या बिजागरीचे स्क्रूसुद्धा. सीटखालचा एक बोल्ट तर उघडल्यावर आत मूळचा रंग लागलेला निघाला, म्हणजे तो कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हलवलेला नाही. तोही मिलिमीटरचा.

म्हणजे माझ्या वडिलांनी अख्खी गाडी चोरली आणि तिच्या जागी दुसरी अख्खी गाडी ठेवली, बिजागरीसकट. एवढं करणाऱ्या माणसाला चोर नाही, जादूगार म्हणतात.

घरी येऊन भोकांचा फोटो आबांसमोर ठेवला. म्हटलं, आता बोलाच. त्यांनी कॉटखालची पेटी ओढली आणि आईच्या ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात ठेवली. पितळेचा ससा आहे, वितीपेक्षा लहान. कान मागे टाकून पळतोय. पोटाखाली आटे पाडलेले दोन छोटे दांडे आहेत. तुझ्या भोकांचं अंतर मी मोजून आणलं होतं. बरोबर बसतं.

आबा त्या गाडीला जन्मभर 'ससा' म्हणायचे. "सशाला तेल पाजून येतो" म्हणायचे. मला वाटायचं, उड्या मारते म्हणून.

आता ऐक. ती गाडी ऑस्टिन नाही. कधीच नव्हती. ती जपानी डॅटसन आहे, योकोहामाची. दिसायला त्या काळच्या ऑस्टिनसारखीच, म्हणून खपून गेलं. मी इंटरनेटवर शोधलं. कंपनीला पैसा पुरवणाऱ्या तिघांच्या नावातली आद्याक्षरं घेऊन 'डॅट' झालं, आणि तिकडच्या भाषेत तसाच उच्चार असलेला शब्द पळत्या सशाला आहे, म्हणून पुढे ससा लावला. गाडी लहान, म्हणून आधी नाव ठेवलं डॅट-सन, म्हणजे डॅटचा मुलगा. पण जपानीत तो 'सन' नुकसानीच्या शब्दासारखा वाटायला लागला, तेव्हा स्पेलिंग बदलून इंग्रजीतल्या सूर्याचं केलं. एका शब्दाने केवढं नुकसान होतं, हे त्यांना गाडी विकण्याआधी कळलं होतं.

आजोबांनी ती छत्तीस साली मुंबईत नवीकोरी घेतली, इंग्रजीपेक्षा स्वस्त पडली म्हणून. बेचाळीस साली जपान युद्धात होता, लोक बाँबच्या भीतीने मुंबई सोडत होते. शत्रूची गाडी घेऊन घाट चढायची छाती आजोबांना झाली नाही. त्यांनी ससा उपटला, भोकं बुजवली, भंगारातून ऑस्टिनचा बिल्ला आणून ठोकला आणि कराडात सरकारी कागदावर ऑस्टिन म्हणून लिहून दिलं. युद्ध संपलं, इंग्रज गेला, पण तोवर ते 'ऑस्टिनवाले' झाले होते. मग सांगणार कसं?

आबांना हे एकाहत्तर साली कळलं, इंजिन पहिल्यांदा उघडलं तेव्हा. इंची पाना बसेना. त्याच दिवशी आजोबांनी ससा त्यांच्या हातात दिला आणि शब्द घेतला. म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू दिलं नाही. कुठल्याही फिटरने पाना लावताच ओळखलं असतं. स्पेअर पार्ट ते स्वतः लेथवर काढायचे आणि मुंबईहून आणले म्हणून सांगायचे.

आईलाही माहीत नव्हतं. मला याचाच सगळ्यात जास्त राग आलाय, आणि तो तुझ्यावर नाही, आबांवर आहे. पण तुला त्यात वाटा मिळणार नाही. तू अकरा घरांना पत्र लिही आणि हे सगळं सांग.

ज्ञानेश्वरी


'ऑस्टिन', वाशी
८ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरीस,

तुझं पत्र वाचून दोन दिवस झोप नाही. जाणकारांना पुन्हा बोलावलं. ते गाडीखाली झोपले आणि तासाभराने हसत बाहेर आले. म्हणाले, असली गाडी त्यांनी इथे कुठे पाहिलेली नाही, ऑस्टिनपेक्षा हिचं मोल मोठं. रॅलीत मानाच्या रांगेत उभी करतील. फक्त समोर ससा हवा.

तेव्हा ससा लगेच पाठवून द्यावा.

अकरा घरांचं मात्र जमणार नाही. जरा समजून घे. आजोबांचा फोटो कराडच्या वाचनालयात लावलेला आहे. त्यांनी सरकारला खोटं लिहून दिलं आणि गावाला चाळीस वर्षं थाप मारली, हे नातवाने कसं लिहायचं? माझ्या दारावर 'ऑस्टिन' आहे. पोस्टमन, दूधवाला, सोसायटीचा चेअरमन, सगळे मला ऑस्टिनसाहेब म्हणतात. भावकीला मी तोंडी सांगेन की तपासात काही निष्पन्न झालं नाही. रॅलीत डॅटसन म्हणून उभी करू, कराडला कोण सांगायला जातंय?

आणि हे मान्य नसेल तर दुसरी बाजूही ध्यानात घे. ससा गाडीचा भाग आहे, गाडी आमची आहे. तो चोपन्न वर्षं तुमच्या कॉटखाली होता. आजोबांनी दिला याला कागद आहे का? नसेल तर पहिल्या पत्रातला शब्द मी मागे घेण्याचं कारण उरत नाही. फक्त वस्तू बदलली.

तुझा,
जयप्रकाशदादा


दिघा
११ फेब्रुवारी २०२५

महोदय,

तुमची खरी जात या पत्रात कळली. ससा हवा तेव्हा 'चि.', शेपटाशी पुन्हा चोर.

मी अकरा पाकिटं आणली आहेत. तुमची आणि माझी सगळी पत्रं झेरॉक्स केली आहेत. रविवारी तुमची गाडी रॅलीत उभी असेल तेव्हा मी पोस्टात असेन. ससा मिळणार नाही. मानाच्या रांगेत दोन भोकं दाखवा.

ज्ञानेश्वरी


दिघा
२० फेब्रुवारी २०२५

(आबा सांगतायत तसं लिहिते आहे. माझा एकही शब्द नाही. असता तर वेगळा असता. – ज्ञानेश्वरी)

जयप्रकाश,

पोरीनं पाकिटं टाकली न्हाईत. म्या टाकू दिली न्हाईत. त्यातल्या झेरॉक्सा काढून बंबात घातल्या. लई वरडली माझ्यावर. वरडू दे, तिचा हक हाय.

ससा पाठीवतोय. तुझी रॅली झाली, ते बरं झालं. रॅलीसाठनं दिला असं हुयाला नको.

तुला कागद पायजे म्हन्लास. कागद न्हाई. तुज्या आज्यानं शब्द घेतला तवा आमी दोघंच हुतो. मला म्हन्ले, "सयाजी, ही गोष्ट तुज्या पोटात ऱ्हावू दे. माझ्या पोरीला, वेणूलाबी सांगू नगं." म्या म्हन्लं, "आन् उद्या कुनी माझ्यावरच बोट दाखीवलं तर?" त्ये इचारात पडलं. मग म्हन्ले, "माझ्या घरातल्या कुनी तुला चोर म्हन्लं, तर त्या दिवशी शब्द सुटला. मग खुशाल सांग."

तुज्या बापानं मला चौऱ्याऐंशी साली लई बोल लावलं. हावरा म्हन्ला, डोळा ठिवलाय म्हन्ला, घरजावई व्हायला बघतोय म्हन्ला. म्या दारात हुबा राहून ऐकत हुतो. चोर त्येवढं म्हन्ला न्हाई.

म्हून म्या गप ऱ्हायलो. सासऱ्यानं सांगितल्यालं माप म्या फिटरावानी धरलं. एक सूत इकडं न्हाई, एक सूत तिकडं न्हाई. त्या वक्ताला त्यो मला चोर म्हन्ला असता तर लई बरं झालं असतं. वेणूला भाऊबीज मिळाली असती.

ही माझी चूक. ती तुझी न्हाई. तुझी येगळी हाय.

संगं अकरा पाकिटं पाठीवतोय. पत्तं घातल्यात, तिकिटं लावल्यात. आतला कागद कोरा हाय. काय लिवायचं त्ये तू लिव, न्हाईतर नगं लिवू.

ससा बसीवताना शिसं टोकरून काढ, गरम करू नगं, रेडेटर फाटंल. दहाचा पाना लाव. इंची लावू नगं, नट बाद हुतो.

सयाजी


वाशी
३ मार्च २०२५

ज्ञानेश्वरी,

अकरा पाकिटं आज सकाळी पोस्टात टाकली. खरं ते सगळं लिहिलं, बेचाळीस सालच्या कागदासकट. सयाजीमामांनी काही घेतलेलं नाही, उलट त्यांचंच गेलं, असं लिहिलं. चोर हा शब्द मी लिहिला होता आणि तो मी मागे घेतो, असंही लिहिलं. कराडहून दोन-तीन दिवसांत पहिला फोन येईल, तो उचलायचा की नाही हे ठरवलेलं नाही. वडिलांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या, पुन्हा लिहिल्या.

दारावरची पाटी काढली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिलाय.

ससा अजून बसवला नाही. शिसं काढलं आहे. इथल्या तीन दुकानांत फिरलो, सगळे नवे पाने जाड तोंडाचे, भोकांखालच्या खाचेत जात नाहीत. मामांकडे पूर्वीचा पातळ पाना असेल. ते येतील का, विचारशील?

जयप्रकाश


दिघा
७ मार्च २०२५

दादा,

विचारणार नाही. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाने तुझ्या दारात यायचं नाही, तुझ्या घरच्यांच्या दारात ते एकदा उभे राहिले तेवढं पुरे.

पाना आहे. आबांनी काल पुसून, तेल लावून दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय. कुणासाठी ते बोलले नाहीत. हवा असेल तर दिघ्याला येऊन घेऊन जा. आईच्या फोटोखालून वाकून जावं लागतं, खिळा तिथेच आहे.

एकतीस वर्षांची भाऊबीज तुझ्याने भरून निघणार नाही, आणि तसा प्रयत्न करू नकोस, मला चालणार नाही. पाना मात्र काम झालं की परत आणून द्यायचा. स्वतः. पोस्टाने नाही.

ज्ञानेश्वरी